एका वेळी एकच नट

नाना, तुम्हाला काहीही विचारलं की उत्तर यायला चहाचे दोन घोट जायचे. आईने विचारलेलं असायचं एवढंच, की भाजी काय आणू. तुम्ही कप तोंडाला लावायचात, घोट गिळायचात, कपात बघायचात, दुसरा घोट घ्यायचात आणि मग म्हणायचात, "वांगा लई ये." तोवर आई पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलेली असायची. "या माणसाला विचारणं म्हणजे पत्र टाकून उत्तराची वाट बघणं," असं ती शेजारणींना सांगायची, आणि सुरतेत लिंबायतच्या आमच्या त्या खोल्यांच्या रांगेत सगळ्यांना तुमची ही खोड ठाऊक होती. लहानपणी मला या खोडीचा राग यायचा. शाळेत फटकन हात वर करणारी मी, आणि बापाला साधा पाढा विचारला तर तो पत्र्याकडे बघतो, हे मैत्रिणींसमोर नको वाटायचं. आता मी पन्नाशीला टेकले आहे. माणसाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे मोजण्यावर माझं पोट चालतं. ज्याच्यासमोर घड्याळ लावून बसावं असा माणूस घरात रोज चहा पीत होता आणि मी हा विषय शिकायला बाहेर गेले, याचं आता हसू येतं.

आज माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. हुशार आहे, चटपटीत आहे, थोडी माझ्यासारखीच आहे. साठीपुढच्या माणसांना तिने संगणकासमोर बसवून बटणं दाबायला लावली होती, आणि आकडे घेऊन ती आनंदात होती. "मॅडम, स्पष्ट आलंय. म्हातारी माणसं विचारच सावकाश करतात." मी तिला विचारलं, सुरुवातीला त्यांना काय सांगितलं होतंस? असं काही विचारतात हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला काय ठाऊक की हा प्रश्न माझा नाही, तो ऊधन्याच्या एका लूमच्या खात्यातला, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यातला आहे, आणि तो विचारणारा माणूस सातवीपर्यंत शिकला होता. ती गेल्यावर मी केबिनचं दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही असताना तरी कुठे लिहिलं होतं!

शहाण्णव-सत्त्याण्णवची थंडी आठवते का? मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या सरांनी बाहेरच्या देशातला कुठला तरी लेख मिळवला होता आणि ते त्या लेखाने झपाटले होते. मी घरी येऊन तुम्हाला तो लेख समजावून सांगते आहे. आई वांगं भाजते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, हातात कप. मी म्हणते, नाना, समजा दोन रेघा दाखवल्या आणि विचारलं की लांब कोणती, तर डोक्यात काय होतं? ग्लासात थेंब थेंब पाणी पडावं तसा पुरावा जमत जातो. ग्लास भरला की हात बटणाकडे जातो. म्हणजे उत्तराला लागलेला वेळ तीन गोष्टींचा मिळून असतो. थेंब किती वेगाने पडतात ते एक. ग्लास केवढा आहे ते दुसरं. आणि ग्लास भरल्यावर हाताला बटणापर्यंत जायला लागणारा वेळ तिसरा. घड्याळ बापडं फक्त बेरीज सांगतं. पण लेखातलं हे गणिती मॉडेल म्हणतं, बरोबर उत्तरांचे आणि चुकलेल्या उत्तरांचे वेळ मला द्या, मी तिन्ही वेगळे काढून देतो. दोन घोट गेले. मग तुम्ही विचारलंत, "मंग ग्लास लहानमोठा ऱ्हास का?" मी म्हटलं, हो, सावध माणसाचा मोठा, उतावळ्याचा लहान. तुम्ही मान डोलावलीत आणि आईकडे बघून म्हणालात, "मना पिंप से." पिंपाएवढा ग्लास! आई हसता हसता वांगं पेटवून बसली. त्या दिवशीच्या भरताला धूर जरा जास्तच होता आणि आपण तिघांनी ते चाटूनपुसून खाल्लं.

सरांनी माझ्या प्रबंधासाठी एक पेटी बनवून घेतली होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवलेली, लाकडी, पुढे काचेची खिडकी. आत कार्ड सरकवायचं, दिवा लागला की कार्डावरच्या दोन रेघा दिसायच्या आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू. डावी लांब असेल तर डावं बटण, उजवी असेल तर उजवं. आधी कॉलेजातल्या मुलामुलींना बसवायचं, मग खात्यातल्या कारीगरांना, आणि मॉडेल काय सांगतं ते बघायचं. कारीगर कुठून आणायचे याची मला चिंताच नव्हती. तुम्ही त्या खात्यात जॉबर होतात, बिघडलेला माग तुमच्या हाताने सरळ व्हायचा, आणि शिरपूर-शिंदखेड्याकडून आलेली सगळी माणसं तुम्हाला मास्तर म्हणायची. तुम्ही शेठशी बोललात. शेठनी परवानगी दिली, पण अट घातली. इच्छापोरला त्यांची नवी शेड उभी राहत होती, तिथे वेगाने चालणारे नवे माग येणार होते, आणि त्या मागांवर आपली जुनी खानदेशी माणसं घ्यायची की बाहेरून नवी आणायची, हे त्यांना ठरवायचं होतं. "बेन, तुझं काम झालं की मला एका कागदावर लिहून दे. ही माणसं चपळ आहेत की धीमी?" मी म्हटलं, कुणाचं नाव देणार नाही. ते म्हणाले, नाव नको, सगळ्यांचं मिळून काय ते सांग. मी हो म्हणून मोकळी झाले. त्या कागदावर वीसेक घरांचं पुढचं काय ते ठरणार होतं, आणि मला मात्र पेटी रिक्षातून सुखरूप नेता येईल का याचीच काळजी.

कापडाचे ताके घडी करायच्या खोलीत आपण ती पेटी मांडली. पाळी बदलायची वेळ. भिंतीपलीकडे मागांचा असा धडाका, की टेबलावरची कार्डं आपोआप सरकताहेत. कारीगर एकेक करून आत येतात, केसांवर सुताचे तंतू, आणि पेटीकडे नव्या नवरीकडे बघावं तसं बघतात. एक जण विचारतो, "हाऊ काय खेय से?" मी घरून पाठ करून आणलेल्या सूचना सुरू करणार, इतक्यात तुम्ही पुढे होता. तुम्हाला वाटतं, पोर शहरातलं मराठी बोलेल, माणसांना कळणार नाही. तुम्ही हात वर करून सांगता, "घाई करू नका. पक्कं दखा, मंग दाबा. चुकीसन दाबशात ते मनी आंडेरनं काम बिघडी जाई." सगळे माना हलवतात. मास्तरच्या लेकीचं काम बिघडवायचं कुणाच्या मनात असणार? मीही कौतुकाने बघते, माझा बाप मला मदत करतो आहे म्हणून. वहीत मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, खोलीत आवाज फार आहे हेही लिहिलं. तुम्ही काय सांगितलंत ते लिहिलं नाही. ते मला सूचना वाटलंच नाही, घरचं बोलणं वाटलं.

पंधरवड्याने आकडे आले. विभागात एकच संगणक, त्यावर पाळी लावून बसायचं. त्यातून निघालं ते असं, की कॉलेजच्या मुलांपेक्षा आपल्या कारीगरांना चांगलाच जास्त वेळ लागत होता, आणि मॉडेलने त्याचं सगळं खापर थेंबांवर फोडलं होतं. म्हणजे डोक्यात पुरावाच सावकाश जमतो. साध्या भाषेत, माणसं मंद. सर म्हणाले, निकाल स्वच्छ आहे, लिहायला घे.

त्या दुपारी मी खात्यावर आले. तुम्ही दाराशी ओट्यावर बसून चहा पीत होतात, हातांना ग्रीस लागलेलं, कप दोन बोटांत चिमटीने धरलेला. तुम्ही विचारलंत, काय निघालं? मी सांगितलं, नाना, आपली माणसं जरा धीमी निघाली. तुम्ही रागावला नाहीत, हसलाही नाहीत. घोट घेतलात. कपात बघितलंत. दुसरा घोट घेतलात. मला पुढे निघायचं होतं, मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत उभी. मग तुम्ही म्हणालात, "सुरुवातले त्यास्ले काय सांगेल व्हतं?" मी वहीत शोधायला लागले. तुम्हीच बोललात, सावकाश, जसं काही स्वतःशीच, "मीच सांगेल व्हतं. घाई करू नका, आशे मीच सांगेल व्हतं." कप ओट्यावर ठेवून तुम्ही उठलात आणि मला म्हणालात, ये आत.

आत तुम्ही मला एका चालत्या मागासमोर उभं केलंत. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, तुम्ही खुणांनी सांगितलंत, तार तुटली की हँडल खाली ओढायचं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, हजारो तारा माझ्यासमोर थरथरत होत्या. मला तुटलेली तार दिसली. मी हँडल ओढलं. माग थांबला. तार तुटलेली नव्हती, नुसती ढिली पडून लकाकत होती. तुम्ही माग पुन्हा सुरू केलात. मला पुन्हा तुटलेली तार दिसली. ओढलं. पुन्हा काही नाही. असं मी कितीदा केलं कोण जाणे, आजूबाजूचे कारीगर आपापले माग सोडून माझ्यामागे येऊन उभे. शेवटी तुम्ही माग बंद ठेवलात आणि कापड उजेडाकडे धरलंत. मी जिथे जिथे माग थांबवला होता, तिथे तिथे कापडावर एक आडवी रेघ उठली होती. रंगाईत गेलं की ती रेघ आणखी उठून दिसते आणि सगळा ताका वाया जातो, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या मिशांच्या एका कारीगराने ते कापड निरखून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ताई, हाई साडी नही, शिडी व्हई गई." आख्खं खातं हसलं, तुम्ही हसलात, मीही हसले आणि कानापर्यंत लाल झाले. वर्षानुवर्षं या माणसांच्या हाताला हेच वळण लागलं होतं. तार नक्की तुटली याची खात्री पटेपर्यंत हात उचलायचा नाही. त्यात मास्तरनीच सांगितलेलं, घाई नको. मिशाळ्याने मला सांगितलं, "रेघ ते माले दखाई जाये, ताई. पन मी थांबू. चुकी जासू ते?" कार्डावरची लांब रेघ त्याला लगेच दिसत होती. थांबत होता तो फक्त हात.

मी बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, नाना, म्हणजे थेंब हळू पडत नाहीत, ग्लास मोठा आहे. तुम्ही म्हणालात, असेल. आणि नसेलही. तुझ्या त्या मॉडेलला कसं विचारणार? मग तुम्ही मला जॉबरकीचा तो पहिला धडा दिलात, जो तुम्ही प्रत्येक शिकाऊला द्यायचात. माग बिघडला की शिकाऊ माणूस पाना घेऊन चार नट एकदम फिरवतो. माग चालू होतो, तो खूश होतो, पण कशाने चालला हे त्याला कधीच कळत नाही. "एक टाईमले एकच नट," तुम्ही म्हणालात. एक फिरव, माग चालव, कापड बघ. जे बदलायला हवं तेवढंच बदललं तर तो नट त्याच कामाचा. दुसरंच काही बदललं, तर नटावरचं नाव खोटं.

मी दुसऱ्या दिवशी सरांपुढे हे जसंच्या तसं ठेवलं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "बेन, आ तमारा बापूजीए कह्युं?" मी हो म्हटलं. त्यांनी आकडे पुन्हा काढले, बोट फिरवत गेले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. कारीगरांची उत्तरं जवळजवळ चुकलीच नव्हती! आणि चुका नसतील तर हे मॉडेल आंधळं होतं, ग्लास मोठा की थेंब हळू हे त्याला सांगता येत नाही, त्यातलं काहीतरी एक ते ठोकून देतं. मॉडेल खरं बोलतं की नाही हे तपासायचं असेल तर तुमचीच रीत हवी होती. फक्त सूचना बदलायची, बाकी काही नाही, आणि बघायचं की फक्त ग्लासच लहान होतो का. मग फक्त कार्डं अवघड करायची, आणि बघायचं की फक्त थेंब मंदावतात का. मग फक्त बटण बदलायचं.

आणि मग नाना, ते आठ-दहा दिवस! माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी मजा मी काम करताना पुन्हा केली नाही. मी कारीगरांना सांगितलं, या वेळी पटापट दाबा, चुकलं तरी चालेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पहिल्यासारखंच, तितकंच सावकाश, तितकंच अचूक दाबलं. मी पुन्हा सांगितलं, चुका हो, खुशाल चुका. मिशाळा म्हणाला, "चुकनं तरी चाली, आशे आजलोंग कोनी सांगेल नही, ताई." खरंच होतं ते. चुकायची परवानगी त्यांना कुणी कधी दिलीच नव्हती, आणि माझ्यासारख्या पोरीच्या सांगण्यावरून ती घ्यायला ते तयार नव्हते. मी रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही स्टुलावर येऊन बसलात.

तुम्ही, ज्यांचा हात खात्यात कधी चुकत नाही अशी ख्याती. मी कार्ड लावलं, डावी रेघ ढळढळीत लांब, तुम्ही धाडकन उजवं बटण दाबलंत. मी म्हटलं, चूक. पुढचं कार्ड. पुन्हा उलटं बटण. चूक. तिसऱ्या वेळी मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी माझ्याबरोबर म्हटलं, चूक! पाचव्या-सहाव्या वेळी सगळी खोली ओरडत होती, चूक! चूक! आणि तुम्ही प्रत्येक वेळी जास्तच जोरात बटण दाबत होतात, पोटभर हसत होतात, तुमची टोपी खाली पडली तरी तुम्हाला पत्ता नव्हता. मग तुम्ही दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवलेत. "दखा. कोठे रेघ उठनी का?" नाही उठली. कापड नव्हतंच तिथे. त्यानंतर जी काय झुंबड उडाली! जो तो म्हणतोय, माझा नंबर आधी. बटणं अशी बडवली गेली, की रेडिओवाल्याला दोनदा बोलवावं लागलं. मास्तर चुकतो तर आपण का नाही, असा सगळा उत्साह. त्या दिवशी तुम्ही आपला मान टेबलावर ठेवलात आणि माझ्या कामाला दिलात, नाना. मला तेव्हा हे उमगलं नाही, मी फक्त घड्याळाचे आकडे उतरवत होते आणि हसू आवरत होते.

आकडे बघायला मी संगणकासमोर बसले. ग्लास लहान झाला होता. चुका आल्या होत्या, मॉडेलला दिसायला लागलं होतं, आणि थेंबांचा वेग बघितला तर कॉलेजच्या मुलांच्या बरोबरीचा. अवघड कार्डांवर थेंब मंदावले, ग्लास होता तेवढाच राहिला. बटणाच्या जागी तुम्ही भंगारातलं एक जड हँडल बसवून दिलंत, तर फक्त हाताचा वेळ वाढला. एकच गोष्ट नीट बसेना. घाई करायला सांगितल्यावर ग्लासाबरोबर थेंबही किंचित हलले होते, जे मॉडेलच्या म्हणण्याप्रमाणे हलायला नको होते. सर दोन दिवस त्यावर डोकं खाजवत होते. मग ते आपल्या घरीच आले, तुमच्याशी बोलायला. आईने पुन्हा भरीत केलं, खानदेशी हिरव्या मिरचीचं. सुरतच्या गोड डाळीवर वाढलेला तो माणूस, पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा, तरी "सरस छे, सरस छे" म्हणत पुरीवर पुरी घेतोय. पाणी पीत पीत त्यांनी तुम्हाला थेंबांचं सांगितलं. तुम्ही आपले ते दोन घोट घेतलेत. सर ताटावर हात थांबवून वाट बघत राहिले, तुमच्या उत्तराची इतक्या आदराने वाट बघणारा पहिलाच माणूस. तुम्ही म्हणालात, नट फिरवताना पान्याचा धक्का शेजारच्या नटाला लागतोच, म्हणून काही तो नट वेगळा नाही असं होत नाही. सरांनी खिशातून कागद काढून ते उतरवून घेतलं. आई म्हणाली, "दोन्ही मास्तर येडा व्हई गयात," आणि आणखी भरीत वाढायला गेली.

शेठना मी कागद दिला तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि तुम्हाला विचारलं, "मास्तर, आ लोको धीमा छे के नहीं?" इथे चहा नव्हता, पण दोन घोटांचा वेळ तुम्ही घेतलातच. "धीमा नथी, शेठ. सावचेत छे." म्हणजे सावध. शेठना पटलं नव्हतं. ते म्हणाले, दाखव ती पेटी, मी बसतो. आणि बसले. कार्ड लागायच्या आत त्यांचं बोट बटणावर! निम्म्याच्या आसपास उत्तरं चुकली. खोलीतले सगळे कारीगर एकदम छताकडे बघायला लागले, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलेलं आहे. शेठ चांगला माणूस, स्वतःच हसले. म्हणाले, मला मागावर ठेवलं तर वर्षाचे ताके वाया जातील. इच्छापोरच्या नव्या शेडमध्ये आपलीच माणसं गेली. मिशाळ्याने पहिल्या दिवशी नव्या मागाला हार घातला आणि घरी पेढे आणून दिले, आईच्या हातात, "ताईले सांगजो" म्हणून.

त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगायचात. लग्नात, बारशात, गावी शेतावर, भेटेल त्याला. सहसा न बोलणारे तुम्ही, ही गोष्ट मात्र न थांबता सांगायचात, एकही घोट न घेता. त्यात पेटीचं असायचं, शिडीचं असायचं, सरांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं असायचं. आणि सगळ्यात जास्त रंगवून तुम्ही सांगायचात ते हे, की एवढी शिकलेली पोर, कॉलेजचा संगणक सांगतो ही माणसं मंद, सर सांगतात लिहायला घे, पण हिच्या मनाला काही पटेना. शंका आली. म्हणून शेठकडे कागद द्यायच्या आधी ती भर दुपारी धावत खात्यावर आली, बापाला विचारायला. एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि तुमचा चेहरा असा फुललेला असायचा, की मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, पोर विनयशील आहे. माझ्या लग्नात सासऱ्यांनाही तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. ते मला पहिल्या दिवसापासून मान देत आले, ते तिच्याच जोरावर.

हे पत्र मी कुठे पाठवणार, आणि तुम्ही असतात तरी पाठवलं असतं का, ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही, आणि सांगू शकेल अशी मी एकटीच आहे. त्या दुपारी मला काहीही विचारायचं नव्हतं, नाना. मला शंका आली नव्हती. संगणकाने सांगितलं आणि मी ते खरं मानलं, तुमच्याबद्दलही मानलं. मला वाटलं, लहानपणापासून जे डोळ्यांना दिसत होतं त्याला आता आकडा मिळाला. शेठसाठीचा कागद लिहून तयार होता, सुवाच्य गुजराती अक्षरात, घडी करून माझ्या पर्समध्ये. कॉलेजातून ऊधना वाटेवर पडत होतं, आणि शेठ दुपारचे भेटत नाहीत म्हणून तो तुमच्याजवळ देऊन मी पुढे जाणार होते. तुम्ही तो उघडूनही बघितला नसता. हात पुसून तुम्ही स्वतः तो शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला असता.